चिमणी गप्प होती

घरात पाऊल टाकलं की माझं डोकं उठायचं. हे कोणालाही सांगितलं की समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "उठणारच." पुढचं काही विचारायची गरज कोणाला वाटायची नाही. जिच्या घरात ऐंशीला टेकलेला बाप आहे, जिची आई नुकतीच गेली आहे आणि जिचा भाऊ फक्त फोनवर भेटतो, त्या बाईचं डोकं उठणार नाही तर कोणाचं उठणार? मलाही हे इतकं पटलं होतं की मी त्यावर गोळीसुद्धा घेत नव्हते. वैतागावर गोळी नसते.

मी एका लाँड्रीत आल्टरेशनचं काम करते. लोकांच्या पँटी आखूड करायच्या, कोटाच्या बाह्या सोडायच्या, बिघडलेल्या चेन बदलायच्या. दुकानाच्या मागच्या खोलीत माझं मशीन आहे, डोक्यावर एक ट्यूबलाइट आणि शेजारी इस्त्रीची वाफ. दिवसभर सुईत डोळे घालून बसायचं असतं. तेव्हा न्यायाने डोकं तिथे दुखायला हवं, पण तिथे ते कधी दुखायचं नाही. दुपारी डबा उघडेपर्यंत मी चांगली माणसांत आलेली असायचे, इस्त्रीवालीची थट्टाही करायचे. संध्याकाळी जिना चढून दार उघडलं, नानांचं "कोण?" ऐकलं, की थोड्याच वेळात कपाळाभोवती कोणीतरी पट्टा आवळायला घ्यायचं. "मला विश्रांती कामावर मिळते आणि काम घरी," असं मी सांगत सुटायचे. लोक हसायचे. मीही हसायचे, पण खरं म्हणजे मला माझ्या बापाचा राग यायला लागला होता.

नाना साबणाच्या कारखान्यात होते. त्यांचा हुद्दा बराच लांबलचक होता, पण सगळे त्यांना 'नाक' म्हणायचे. साबणाचा प्रत्येक घाणा बाहेर पडण्याआधी नाना त्याचा वास घेत, आणि नानांनी मान हलवली तरच तो पुढे जाई. निवृत्त झाल्यावर ते नाक घरी आलं. दूध नासायच्या आदल्या दिवशी नाना सांगायचे, उद्या नासेल. पाहुणे कुठून जेवून आलेत ते सांगायचे. आई वैतागून म्हणायची, "तुम्ही डोळ्यांनी काही बघतच नाही का हो?" पण चारचौघांत तिला या नाकाचा फार अभिमान होता.

घर चालवायची ती आईच. आमचं घर दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर आहे, खाली चष्म्याचं दुकान. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात गॅसवर चालणारा बॉयलर आहे. त्याच्यावरच अंघोळीचं पाणी तापतं आणि खोल्या उबदार राहतात. त्याच्या डोक्यावरून एक पत्र्याचं नळकांडं वर जातं, छतातून बाहेर. बॉयलर बसवला त्याच वर्षी आईने एक अलार्म आणला होता. गॅस नीट जळला नाही तर कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू होतो, तो घरात साठला की माणूस बसल्या जागी झोपतो आणि उठत नाही, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. वायूला रंग नाही, वास नाही, म्हणून अलार्म. पांढरी, साबणदाणीएवढी डबी. आईने ती निजायच्या खोल्यांच्या मधल्या भिंतीवर लावली आणि चिवचिव करते म्हणून तिचं नाव ठेवलं चिमणी. दर शनिवारी ती खुर्चीवर चढून बटण दाबायची. चिमणी ओरडायची. आई म्हणायची, "बोलते," आणि खाली उतरून पुढच्या कामाला लागायची.

उन्हाळा संपता संपता आई गेली. हृदयाचं दुखणं होतं, दवाखान्यातच गेली. शेवटी शेवटी तिला धाप लागायची, त्यामुळे ती मोजकं बोलायची आणि जे बोलायची ते सगळं कामाचं असायचं. दुधवाल्याला सांगा, गाद्या उन्हात टाका. एकदा नानांचा हात धरून म्हणाली, "थंडीआधी चिमणी साफ करून घ्या. विसरू नका." मी पलंगाशेजारी संत्रं सोलत बसले होते. आम्ही दोघांनीही हो म्हटलं.

नाना विसरले नाहीत. दर शनिवारी ते अलार्म भिंतीवरून उतरवायचे, मऊ फडक्याने पुसायचे, फटींमधली धूळ फुंकायचे आणि परत लावायचे. बटण मात्र दाबायचे नाहीत. एकदा मी विचारलं तर म्हणाले, "बटण तिचं. मला तिने साफ करायला सांगितलंय." 

थंडी सुरू झाली आणि चिमणी मधूनच 'टिंव' करायला लागली. एकदा टिंव, मग थोडी शांतता, मग परत टिंव. सेल संपत आले होते हे मला कळत होतं. उद्या आणते म्हटलं. मग उद्या म्हटलं, मग परवा. अंगात त्राण म्हणून नसायचं. घरी आल्यावर चप्पल काढायला वाकायचं म्हणजे सुद्धा मनाची तयारी करावी लागायची. आणि नाना म्हणायचे, "राहू दे गं बबे. तेवढंच घरात कोणीतरी बोलतं." मी पन्नाशीकडे झुकले तरी घरात बबीच आहे. मग एके दिवशी सेल पुरते संपले आणि चिमणी गप्प झाली. मला हायसं वाटलं. नाना भिंतीकडे बघत बसले आणि म्हणाले, "घर खायला उठतं."

त्यानंतर ते रोजच म्हणायचे. घर खायला उठतं. आई गेलेल्या घरात बापाने हे म्हटलं तर त्याचा एकच अर्थ निघतो, आणि मी तोच काढला.

तोवर कडाक्याची थंडी पडली. खिडक्यांच्या फटींतून वारा यायचा. मी कामावरून कापलेल्या पँटींच्या पट्ट्या आणल्या आणि सगळ्या फटी ठासून बंद केल्या. माझ्या हाताला सफाई आहे. एवढासा वारा आत यायचा नाही. नाना सकाळपासून बॉयलरजवळची खुर्ची धरायचे, तिथे ऊब जास्त म्हणून. आणि त्याच थंडीत नाना घसरायला लागले. एकच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारायचे. चपला फ्रीजमध्ये ठेवल्या. आई बाजारातून अजून कशी आली नाही म्हणून खिडकीपाशी उभे राहिले. उठताना तोल जायचा, जेवण नको व्हायचं. डॉक्टरांकडे नेलं तर ते म्हणाले, वय आहे, धक्का आहे, व्हायचंच. मला सांगितलं, तुम्हीही जरा विश्रांती घ्या, चेहरा ओढलेला दिसतोय.

मी विश्रांती म्हणून घरी बसायचे. रविवारी तर अंथरुणातून उठवतही नसे.

मग मी चिडायला लागले. नानांनी तिसऱ्यांदा वेळ विचारली की मी भांडं आपटायचे. "माझं डोकं उठवू नका, नाना." ते गप्प बसायचे, आणि मग मला त्यांच्या गप्प बसण्याचाही राग यायचा. हे मला शोभणारं नव्हतं. मी तशी तोंडाची फटकळ आहे, पण दुष्ट नाही.

दादा, माझा मोठा भाऊ, दोन तासांच्या अंतरावर राहतो. फोनवर म्हणाला, "बबे, तू मरशील अशाने. मी एक वृद्धाश्रम बघितलाय. चांगला आहे. नर्स असते, जेवण वेळेवर, बाग आहे." मी फोन स्पीकरवर टाकला. त्याने नानांना विचारलं, "नाना, काही दिवस तिकडे राहायला जाल का?" मला वाटलं आता रडारड होणार. नाना लगेच म्हणाले, "जाईन." इतक्या लगेच, की मला आधी सुटल्यासारखं झालं आणि मग सुटल्यासारखं वाटल्याची लाज वाटली. येत्या रविवारी दादा गाडी घेऊन येणार असं ठरलं.

तो रविवार उजाडला तोच माझं उठलेलं डोकं घेऊन. मी नानांची बॅग भरायला बसले. स्वेटर, पायमोजे, औषधांचा डबा, आईचा फोटो. प्रत्येक कपडा घडी करून ठेवायचा आणि ठेवला की नाही ते विसरायचं. नाना स्वयंपाकघरात बॉयलरजवळ बसून माझ्याकडे बघत होते. म्हणाले, "चिमणी नेऊ का मी तिकडे?"

"ती कशाला? बंद पडलीय ती."

"साफ करीन तिकडे. शनिवारी."

 मी आतून पार खचले. मनात म्हटलं, बाप घरातून चाललाय आणि मागतोय काय, तर बंद पडलेली डबी. निदान ती बोलती तरी करून द्यावी. कोट चढवला, कोपऱ्यावरच्या दुकानातून सेल आणले. बाहेर बरं वाटलं, पण मला घराबाहेर नेहमीच बरं वाटायचं, त्यात नवल काही नव्हतं. वर आले, अलार्म भिंतीवरून काढला, सेल घातले आणि आईसारखं बटण दाबलं. चिमणी ओरडली. नानांचा चेहरा असा उजळला की मला त्यांच्याकडे बघवेना.

"बोलते," नाना म्हणाले.

डबी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून मी परत कपड्यांकडे वळले. बॅगेची चेन अडकत होती. आयुष्यभर लोकांच्या चेन दुरुस्त केल्या, पण घरच्या बॅगेची तशीच. मेणबत्तीचा तुकडा घासून ती सुरळीत करते आहे तोवर टेबलावरून आवाज सुटला. टिंव टिंव टिंव टिंव. क्षणभर थांबून परत चार. परत चार. कानात घुसणारा, थोडीही दयामाया नसलेला आवाज.

मी उठून बटण दाबलं. थांबली आणि परत सुरू झाली. मला वाटलं, सेल उलटे बसले. डबी हलवली, टेबलावर आपटली. सेल काढून टाकावेत म्हणून झाकणात नख घातलं.

"थांब," नाना म्हणाले. "ती अशी नाही बोलत."

मग त्यांनी मान वर केली, डोळे मिटले आणि वास घेतला. कारखान्यात घ्यायचे तसा, आधी छोटा श्वास, मग खोल. मीही घेतला. ज्या गोष्टीला वासच नाही तिचा वास घेत आम्ही दोघं शहाणी माणसं स्वयंपाकघरात उभी होतो. "वास नाही," नाना म्हणाले. "काही नाहीये."

आमच्या घरात यावर अपील नव्हतं. त्या नाकावर आम्ही आयुष्यभर जगलो होतो. मी परत नख घातलं, आणि केवळ डबी पालथी असल्यामुळे मागची बारीक छपाई डोळ्यांसमोर आली. गळ्यात शिवणकामाचा चष्मा होता, तो लावला. मधूनमधून एक आवाज म्हणजे सेल बदला. लागोपाठ चार आवाज आणि थांबून पुन्हा चार, म्हणजे मोकळ्या हवेत बाहेर पडा. एवढंच लिहिलं होतं. बाहेर पडा.

"नाना, उठा. बाहेर जायचंय."

"वास नाही तर कशाला? थंडी बघ किती आहे."

"उठा म्हणते ना."

"दादा आला की जाऊच की."

त्यांना ओढायची माझ्यात ताकद नव्हती. पायांत गोळे आले होते. मी डबी त्यांच्या कानाशी धरली आणि म्हटलं, "आई ओरडतेय. ऐकू येतंय ना? उठा."

ते उठले. एकही शब्द न बोलता, एका पायात चप्पल घालून. मी बॉयलर बंद केला, खिडकीतल्या पट्ट्या मुठीने उपसून झडप सताड उघडली आणि त्यांना धरून जिना उतरले. मधल्या वळणावर त्यांचे गुडघे दुमडले. मी त्यांना कठड्याला टेकवलं, परत उचललं, परत उतरवलं. खाली चष्म्याच्या दुकानाबाहेर बाक आहे. रविवार म्हणून दुकान बंद होतं. आम्ही बाकावर बसलो. माझ्या मांडीवरची चिमणी थोड्या वेळाने आपोआप गप्प झाली.

तिथेच दादा आला. गाडीतून उतरतच म्हणाला, "अरे वा, तयार? बॅग वर आहे का? मी आणतो."

"वर जायचं नाही," मी म्हणाले, आणि जाऊन दारात उभी राहिले.

"म्हणजे?"

मी चिमणी दाखवली आणि काय झालं ते सांगितलं. त्याने डबी उलटसुलट करून बघितली. "जुनी वस्तू आहे. बिघडली असेल. वास येत होता का काही?"

"वास नसतोच त्याला."

"मग कशावरून? हे बघ बबे, मी दोन तास गाडी चालवून आलोय. तिकडे खोली तयार ठेवलीय, माणसं वाट बघतायत. तुला नानांना सोडवत नाहीये हे कळतं मला, पण उगाच काहीतरी निमित्त काढू नकोस. तूच रोज म्हणतेस ना, डोकं उठतं म्हणून?"

"घरात उठतं," मी म्हणाले. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की कपाळाचा पट्टा सैल झालाय. "कामावर नाही उठत. रस्त्यावर नाही उठत. घरात उठतं."

"हो, माहितीये. नानांमुळे."

"दादा," मी म्हणाले, "नाना हे काय माझ्यासमोर बसलेत. आणि माझं डोकं उतरतंय."

दादाने माझ्याकडे बघितलं. मग नानांकडे बघितलं. नाना बाकावर एक पाय उघडा टाकून, भिंतीला डोकं टेकून बसले होते आणि त्यांचे ओठ थरथरत होते. दादाने स्वतःचा कोट काढून त्यांच्या अंगावर घातला आणि फोन लावला.

गॅसकंपनीची बाई आली ती स्वतःच बेजार होती. तिला सर्दी झाली होती, रविवारची पाळी होती आणि सकाळपासूनचं हे कितवं तरी घर होतं. नाक पुसत तिने विचारलं, आत कोणी राहिलंय का, खालचं दुकान उघडं आहे का. मग छातीवर वायू मोजायचा मीटर अडकवून ती वर गेली. खाली आली तेव्हा चेहरा बदललेला होता. खिडकी उघडी टाकून इतका वेळ झाला तरी आकडा चढलेला आहे, म्हणाली. रात्री सगळं बंद असताना किती असेल देव जाणे. मग छतावर चढली आणि हाताच्या कोपरापर्यंत काळी होऊन उतरली. पिशवीत एक घरटं होतं. काड्या, पिसं, काजळी आणि त्यात गुंतलेले रंगीत दोरे. दोरे माझेच होते, मी गच्चीवर झटकलेले.

"वरची टोपी उडालीय, त्यामुळे हे आत घसरलंय," ती म्हणाली. "पूर्ण बंद नाही, अर्धी बंद. धूर वर जायचा तो निम्मा परत घरात. चिमणी शेवटची कधी साफ केली होती?"

"काल," नाना म्हणाले.

तिने नाक पुसायचं थांबवलं. "काल? कोणी केली?"

"मी. दर शनिवारी करतो. मऊ फडक्याने."

ती माझ्याकडे बघायला लागली. वयस्कर माणूस आहे, असं तिच्या नजरेत होतं. नानांनी बोट माझ्या हाताकडे केलं. तिथे ती पांढरी डबी होती. आणि मला दवाखाना आठवला, संत्र्याची साल आठवली, आईचा दम लागलेला आवाज आठवला. थंडीआधी चिमणी साफ करून घ्या. ती माणूस बोलवायला सांगत होती. पत्र्याच्या नळकांड्यालाही चिमणीच म्हणतात हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. पण या घरात चिमणी म्हटलं की आईची चिमणी, दुसरी कुठली असणार?

नानांनाही कळलं. त्या दिवशी त्यांना फारसं काही कळत नव्हतं, पण हे कळलं. "म्हणजे ती त्या चिमणीचं म्हणत होती," ते हळूच म्हणाले. "मी हिलाच पुसत बसलो."

"मीही तिथेच होते, नाना," मी म्हणाले. "मलाही हीच वाटली."

दादा पिशवीत डोकावून म्हणाला, "चिमणीत चिमणीचं घरटं, कमाल आहे." त्याला वातावरण हलकं करायचं होतं. बाई म्हणाली, "चिमणीचं नाही हो. एवढं मोठं म्हणजे दुसरंच कुठलंतरी पाखरू." आणि शिंकली.

दवाखान्यात आम्हा दोघांचं रक्त तपासलं आणि दोघांच्या नाकातोंडावर ऑक्सिजनचे मास्क लावले. शेजारी शेजारी खाटा होत्या. रक्तातच तो वायू भरला होता. बरेच आठवडे थोडा थोडा आत जात होता, डॉक्टर म्हणाल्या. डोकेदुखी, थकवा, विसरभोळेपणा, तोल जाणं, सगळं त्याचंच. दिवसभर घरात बसणाऱ्याला जास्त. मी विचारलं, "आणि चिडचिड?" त्या म्हणाल्या, "तीही." मास्कच्या आत मी रडले. काच धुरकट झाल्यासारखं प्लास्टिक धुरकटलं आणि कोणाला दिसलं नाही, ते बरं झालं. बाहेर दादा वृद्धाश्रमाला फोन करून सांगत होता, आज नाही जमणार.

काही दिवस आम्ही दादाकडे राहिलो. तोवर चिमणी साफ झाली, नवी टोपी बसली, बॉयलर तपासून झाला. परत आलो तेव्हा शेवटची तपासणी करायला तीच बाई आली. सर्दी तशीच होती. म्हणाली, "हा अलार्म जुना झालाय. मागे तारीख असते बघा, ती उलटत आलीय. नवा घ्या. पडद्यामागे नको, बॉयलरच्या अगदी डोक्यावरही नको, निजायच्या खोलीजवळ लावा. आठवड्याला बटण दाबा. कोरड्या फडक्याने पुसा, फवारे बिवारे मारू नका." नाना दुखावून म्हणाले, "मी आयुष्यभर वासाचा धंदा केलाय, बाई. यंत्रावर वास मारत नाही." ती म्हणाली, "माझं नाक तर आठवडाभर बंदच आहे. याला नाक लागत नाही, आजोबा." नानांना ते फारसं आवडलं नाही.

जुन्या चिमणीचे सेल काढून नानांनी ती कपाटात ठेवली. नवी आईच्या खिळ्यावर लागली. खिडक्यांमधल्या पट्ट्या मी काढल्या. वारा येतो. स्वेटर घालून बसतो.

नाना सगळेच्या सगळे परत आले नाहीत. उठताना अजून भिंत धरतात आणि अधूनमधून एखादा शब्द हरवतो. पण आई गेलीय हे त्यांना माहीत आहे आणि चपला दारात असतात. परवा दूध हुंगून म्हणाले, उद्या नासेल, आणि नासलं. मी इतकी खूश झाले की ते ओतवेना.

वृद्धाश्रमाचा विषय कोणी काढत नव्हतं. तो त्यांनीच काढला. मी घरी एक कोट उसवत बसले होते.

"दादाने विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं," नाना म्हणाले. "का ते तुला माहितीये?"

"तेव्हा तुम्हाला काही समजतच नव्हतं, नाना."

"तेवढं समजत होतं. तू रोज म्हणायचीस, डोकं उठतं. मला वाटलं, माझ्यामुळे. म्हटलं, मी गेलो की पोरीचं डोकं उतरेल."

माझ्या हातातली कात्री थांबली. छे, तसं काही नव्हतं, असं म्हणता आलं असतं. पण खूप थकल्यावर खोटं बोलायचेही कष्ट होतात. आणि इतक्या आठवड्यांचा थकवा अजून हाडांत होता.

"मलाही तसंच वाटत होतं," मी म्हणाले.

नानांनी मान हलवली. रागाने नाही, दुःखानेही नाही. घाणा तपासून पुढे पाठवताना हलवायचे तशी.  मी त्यांच्या खुर्चीपाशी खाली बसले आणि त्यांच्या गुडघ्यावर कपाळ टेकलं. "नाही जायचं कुठे," मी म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

काल शनिवार होता. लाँड्रीत लग्नाच्या कोटांचा ढीग पडला होता. घरी आले ती पार पिळून निघाले होते. नानांनी चहा ठेवलेला, तो उतू गेलेला. ओट्यावर सांडासांड. भाजी कुठली करायची ते त्यांनी विचारलं, मी सांगितलं, परत विचारलं, परत सांगितलं, परत विचारलं.

"नाना, डोकं उठवू नका हो माझं," मी म्हणाले.

म्हणाले आणि मग आम्ही दोघंही जागच्या जागी थांबलो.

नाना भिंत धरून उठले. आधी खिडकी उघडली. मग खुर्ची ओढली. मी म्हटलं, मी चढते, पण ते ऐकेनात. मी खुर्ची घट्ट धरून उभी राहिले, आणि त्यांनी पहिल्यांदाच आईचं ते बटण दाबलं. चिमणी खणखणीत ओरडली आणि गप्प झाली. मग ते तसेच खुर्चीवर उभे राहिले, नाक वर करून नाही, कान देऊन. चिमणी गप्प होती.

"बोलते," नाना म्हणाले. हळूहळू खाली उतरले, माझ्याकडे नीट बघितलं आणि समाधानाने म्हणाले, "म्हणजे आज माझ्यामुळेच उठलंय."